भटकंतीच्या कार्यक्रमातला निवेदक नेमके काय काम करतो?

३१ ऑक्टोबर २०२६ रोजी नाशिकच्या रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ठरले आहे आणि अमृतस्नानाच्या पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. त्यामुळे वाहिन्यांच्या पथकांचे लक्ष पुन्हा नाशिककडे वळले आहे. अशा पथकाच्या मध्यभागी एक व्यक्ती असते. ती घाटाच्या पायऱ्या उतरते, हसून काही बोलते, थांबते, पुन्हा वर जाते आणि तेच पुन्हा बोलते. बाजूला उभे राहून पाहणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: फिरायचे, खायचे, बोलायचे आणि त्याचेच पैसे घ्यायचे, याला काम कसे म्हणायचे? बाहेरून येणाऱ्या पथकांना जागा दाखवणे, माणसे गाठून देणे, परवानग्यांचे कागद फिरवणे अशी स्थानिक समन्वयकाची कामे मी गेली काही वर्षे नाशिकमध्ये करतो आणि हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

दुसऱ्यासाठी घर पाहायला गेलेला माणूस

समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या तुमच्या मावसबहिणीला गंगापूर रोडवर फ्लॅट घ्यायचा आहे आणि तिला येणे जमत नाही, म्हणून ती तुम्हाला पाठवते. तुम्ही तिथून व्हिडिओ कॉल लावता. ती सांगते, नळ सोडून दाखव, बाल्कनीतून खाली काय दिसते ते दाखव, भिंतीला ओल आहे का हात लावून बघ, जिन्यात कसला वास येतो ते सांग. तो अर्धा तास तुमचे डोळे, हात आणि नाक तिच्या कामाला लागलेले असतात. तुम्हाला स्वतःला ते घर आवडले की नाही, हा प्रश्न दुय्यम असतो.

भटकंतीच्या कार्यक्रमातल्या निवेदकाचे काम हेच आहे. फरक इतकाच, की त्याची मावसबहीण म्हणजे लाखो प्रेक्षक आणि त्यातला कुणीही मध्येच प्रश्न विचारू शकत नाही. प्रेक्षकाला काय विचारावेसे वाटेल, हे निवेदकाला आधी ओळखावे लागते आणि त्याच्या वतीने विचारावे लागते. पडद्यावर चित्र आणि आवाज एवढेच पोहोचते. गारवा, वास, चव, चढावर लागणारा दम, दगडाचा खरखरीतपणा हे सगळे शब्दांतून आणि चेहऱ्यावरून पोहोचवायचे असते. म्हणूनच ‘खूप सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘शब्दच नाहीत’ ही वाक्ये या कामात निरुपयोगी ठरतात, कारण ज्याला शब्द शोधण्यासाठी पाठवले त्यानेच शब्द नाहीत म्हटले, तर पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

निवेदकाने कॅमेऱ्याच्या भिंगात थेट पाहून बोलण्याला या व्यवसायात ‘पीटीसी’ (पीस टू कॅमेरा) म्हणतात. बातम्या देणाऱ्या निवेदकासमोर बहुधा मजकूर सरकता दिसणारा पडदा असतो, गडावर किंवा घाटावर तो नसतो. चाळीस सेकंदांचा मजकूर डोक्यात ठेवायचा, तो पाठ केल्यासारखा वाटू द्यायचा नाही, चालता चालता पायरी चुकवायची नाही आणि भिंगाच्या काळ्या गोलात एखादे ओळखीचे माणूस बसले आहे असे समजून बोलायचे, ही कसरत प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. मिलिंद गुणाजी यांनी मराठी वाहिनीवरून गडकिल्ले दाखवले, तेव्हा त्यांच्या मागोमाग आपणही चढतो आहोत असे अनेक घरांत वाटले, ते या कौशल्यामुळेच.

चार दिवस आणि बावीस मिनिटे

भारतातल्या केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनुसार वाहिनीला तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती आणि स्वतःच्या कार्यक्रमांची प्रसिद्धी दाखवता येते. अर्ध्या तासातून त्याची सहा मिनिटे गेली, सुरुवातीची आणि शेवटची नावे गेली, की कार्यक्रमाला साधारण बावीस मिनिटे उरतात. त्या बावीस मिनिटांसाठी नाशिकसारख्या ठिकाणी तीन-चार दिवस चित्रीकरण सहज चालते. त्याआधी निदान एकदा येऊन जागा, प्रकाश आणि गर्दीच्या वेळा पाहून ठेवाव्या लागतात, त्याला ‘रेकी’ म्हणतात.

काळ आवळण्याची ही कला आपल्या जिल्ह्याला नवी नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये, पहिला चित्रपट काढण्यापूर्वी, कुंडीत लावलेल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी करून रोज टिपली आणि कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत घडताना दाखवून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवली. रोप खरे होते आणि त्याची वाढही खरी होती, फक्त मधला वेळ काढून टाकला होता. प्रवासाच्या प्रत्येक कार्यक्रमात हेच घडते, आणि कोणता वेळ काढायचा व कोणता ठेवायचा यावर कार्यक्रमाचा कस ठरतो.

वेळ ठेवण्याचे उत्तम उदाहरण म्हणून मला ब्रिटिश अभिनेते आणि प्रवासकार्यक्रमांचे निवेदक मायकेल पेलिन आठवतात. १९८८ मध्ये बीबीसीसाठी विमान टाळून ८० दिवसांत जगप्रदक्षिणा करताना त्यांनी दुबई ते मुंबई हा टप्पा गलबतातून, गुजराती खलाशांच्या सोबतीने, जवळपास आठवडाभर समुद्रावर राहून पार केला. त्या दिवसांत म्हणण्यासारखे काहीच घडले नाही, तरी कार्यक्रमात त्या गलबताला भरपूर जागा दिली गेली, कारण घाई नसलेल्या वेळातच माणसे एकमेकांना दिसतात. निवेदकाला हे उमगणे आणि त्याने दिग्दर्शकाला तसे सांगणे हाही कामाचाच भाग आहे.

गोदाघाटावरची एक सकाळ

डिसेंबरातल्या एका पहाटेचे सांगतो. निवेदिका आदल्या रात्री अकराला पोहोचली होती आणि साडेचारला उठून तयार होती. कोवळे ऊन घाटावर जेमतेम तासभर टिकते, म्हणून उजाडण्याआधी कॅमेरा लावावा लागतो. पायऱ्या उतरत बोलायचा भाग चार वेळा घ्यावा लागला. पहिल्यांदा चित्र अस्पष्ट झाले, दुसऱ्यांदा ध्वनिक्षेपक सुरू झाला, तिसऱ्यांदा मागून एकाने कॅमेऱ्याला हात केला. चौथ्यांदा सगळे जमले, तेव्हा तिचे पाय ओल्या दगडांवर अनवाणी उभे राहून बधिर झाले होते, पण आवाजात आणि चेहऱ्यावर ती घाटावर प्रथमच उतरते आहे असाच ताजेपणा ठेवावा लागला.

मग द्रोणात फुले आणि वात ठेवून विकणाऱ्या एका आजींकडून तिने दिवा घेतला आणि पाण्यात सोडला. कॅमेरा जरा दूर होता, म्हणून दिग्दर्शकाने हाच प्रसंग जवळून पुन्हा हवा म्हटले. तिने आजींना विनंती केली. आजी म्हणाल्या, “पोरी, दिवा एकदा सोडला की सोडला. आता दुसरा सोडायचा तर दुसऱ्या कुणाच्या नावाने सोड.” ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने दुसरा द्रोण आईच्या नावाने सोडला, आणि कॅमेऱ्याकडे पाहायचे राहूनच गेले. कार्यक्रमात तोच दिवा दाखवला गेला.

हा प्रसंग मी मुद्दाम दिला, कारण पुढे येणाऱ्या एका आक्षेपाशी त्याचा संबंध आहे.

एक मिनिट सगळे गप्प का उभे राहतात?

चित्रीकरण पाहणाऱ्यांना सर्वांत कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे, काम संपल्यावर पथकातले सगळे एक मिनिट हालचाल न करता उभे राहतात. तेव्हा त्या जागेचा नुसता आवाज टिपला जात असतो. घंटा, पाणी, कबुतरांचे पंख, लांबचा रिक्षाचा हॉर्न असा प्रत्येक जागेचा एक स्वतःचा आवाज असतो. संकलनात दोन तुकडे जोडले, की सांध्यावर आवाज तुटतो, आणि तो सांधा झाकायला हा आवाज खाली अंथरतात. चित्राच्या सांध्यांसाठीही अशीच सोय असते. बोलणाऱ्या चेहऱ्याच्या मध्ये हात, कळस, पाणी, गर्दी अशी जोडचित्रे घालतात. गोधडी शिवताना शिवणीवर ठिगळ बसवावे, तसे ते असते.

निवेदकाच्या कॉलरला लावलेल्या छोट्या माइकमध्ये कपड्याची सळसळ आणि वारा दोन्ही येतात, म्हणून कपडे निवडताना रंगाइतकाच कापडाचा विचार होतो. हे तांत्रिक काम इतरांचे असले, तरी त्याची जाण नसलेला निवेदक सगळ्यांचा दिवस लांबवतो.

माहिती कुठून येते आणि चूक झाली तर काय?

निवेदकाला सगळे आधीपासून ठाऊक असते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात संशोधन करणारे वेगळे असतात, स्थानिक माणसे वेगळी असतात आणि निवेदक त्या माहितीला आवाज देतो. पण चूक झाली तर ती त्याच्या तोंडून झालेली असते, म्हणून जबाबदारी त्याला झटकता येत नाही.

नाशिकमध्ये हमखास होणारी चूक सिंहस्थाची. ‘कुंभात सगळे आखाडे रामकुंडात स्नान करतात’ असे वाक्य मी तीन वेगवेगळ्या पथकांच्या मजकुरात पाहिले आहे. वैष्णव आखाड्यांचे स्नान रामकुंडात होते आणि शैव आखाड्यांचे सुमारे २८ किलोमीटरवरच्या त्र्यंबकेश्वरी, कुशावर्तात. हा भेद नाशिकच्या सिंहस्थाचे वैशिष्ट्य आहे आणि तो चुकला तर पुढचे सगळे चित्रच चुकते.

दुसरी चूक पांडवलेण्यांची. एका वाहिनीच्या निवेदकाने पायथ्याशी उभे राहून ‘वनवासात पांडवांनी कोरलेली लेणी’ असे छान आवाजात सांगून टाकले. मी आदल्या दिवशी टिपण दिले होते, ते कुणी वाचले नव्हते. ही २४ लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. त्यांची सुरुवात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे आणि तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा लेख आहे. चूक संध्याकाळी लक्षात आली, तोवर परवानगीची वेळ संपली होती. शेवटी ते वाक्य कापून त्या जागी खांबांची आणि शिलालेखाची चित्रे बसवली आणि योग्य माहिती निवेदकाच्या आवाजात नंतर ध्वनिमुद्रित केली. यालाच ‘व्हॉइसओव्हर’ म्हणतात. पडद्यावर बोलणारा चेहरा अचानक नाहीसा होऊन नुसता आवाज येऊ लागला, की कधी कधी त्यामागे अशी दुरुस्ती असते. मला त्या दिवशी फार वाईट वाटले होते, कारण तो लेख वाचण्यात ज्यांनी आयुष्ये घातली त्यांचे श्रम एका वाक्याने पुसले जाणार होते.

याउलट एका निवेदिकेने घाटावर चहा पिताना सहज विचारले, “पूर आला हे तुम्हाला कसे कळते?” चहावाल्याने उत्तर दिले, “दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघतो. गुडघ्याला आलं म्हणजे काय, छातीला आलं म्हणजे काय, हे सगळ्या नाशिकला ठाऊक असतं.” कुठल्याही मजकुरात नसलेली ही माहिती एका साध्या प्रश्नाने मिळाली. मारुतीची ती मूर्ती नदीपात्रालगत उभी आहे आणि पावसाळ्यात नाशिककरांची नजर आधी तिच्याकडे जाते.

कॅमेरा काढला की झाले, असे का नाही?

पांडवलेणी केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारक आहे, त्यामुळे तिथे व्यावसायिक चित्रीकरणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. मोठ्या देवस्थानांत गाभाऱ्यापाशी कॅमेरा नेता येत नाही. गडांवर बहुतेक ठिकाणी वन विभागाचा संबंध येतो.

ड्रोनचे गणित आणखी वेगळे आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचे आकाश नकाशावर हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागलेले आहे. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर प्रमाणपत्र असलेला चालक हवा. एका बाजूला ओझरचा विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला देवळालीची लष्करी छावणी असलेल्या नाशिकमध्ये हा नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन पेटीतून बाहेर काढणे धोक्याचे आहे. शिवाय पोलिसांचे मनाई आदेश निघतात ते वेगळेच.

“म्हणजे हे सगळे नाटकच की!”

चार वेळा पायऱ्या उतरायच्या आणि पहिल्यांदा उतरल्यासारखे दाखवायचे, मिसळीचा पहिला घास तीनदा घ्यायचा, यात खरेपणा कुठे उरतो, असा आक्षेप लोक घेतात आणि तो रास्त आहे.

मिसळीचेच पाहू. रस्सा ओतला, की दोन-तीन मिनिटांत फरसाण मऊ पडते आणि तर्रीचा तवंग फिका दिसू लागतो. त्यामुळे प्रत्येक वेळी नवी प्लेट मागवावी लागते आणि मागच्या वेळी पाव डाव्या हातात होता की उजव्या, कांदा घातला होता की नाही, हे लक्षात ठेवून तसेच करावे लागते. एवढ्यापुरती ही पुनरावृत्ती मला मान्य आहे, कारण घास खरा आहे, मिसळ तीच आहे आणि तिखटाने डोळ्यांत आलेले पाणीही खरे आहे. लग्नात फोटोग्राफर वरमाला पुन्हा घालायला लावतो, म्हणून लग्न खोटे ठरत नाही.

पण न चढलेला गड चढल्याचे दाखवणे, न आवडलेला पदार्थ आवडला म्हणणे, पैसे देऊन बोलावलेल्या माणसाला ‘वाटेत भेटलेला गावकरी’ म्हणून उभे करणे, ही फसवणूक आहे. आजींच्या दिव्याचा प्रसंग मला म्हणूनच मोलाचा वाटतो. दुसरा दिवा पहिल्याची नक्कल ठरला असता, पण आजींच्या एका वाक्यामुळे तो स्वतंत्र आणि खरा झाला. पेलिन यांनीही आपल्यासोबतच्या कॅमेरापथकाला ज्यूल व्हर्नच्या ८० दिवसांतल्या जगप्रदक्षिणेच्या कथेतल्या नोकराचे, पासपार्तूचे नाव देऊन त्याचा उल्लेख उघडपणे केला. एकट्याने प्रवास केल्याचा आव आणला नाही, म्हणून त्यांचे काही बिघडले नाही.

“पैसे घेऊन स्तुती करतात, त्याचे काय?”

काही भागांचा खर्च एखादे पर्यटन महामंडळ, हॉटेल किंवा वाहनकंपनी उचलते. यात गैर काही नाही, लपवण्यात गैर आहे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर) आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांनुसार शिफारस करणाऱ्याने आपला आर्थिक संबंध स्पष्ट सांगायला हवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो.

प्रेक्षकाला एक साधी पारख करता येते. कार्यक्रमात एकही उणीव सांगितली नसेल, तर जपून विश्वास ठेवावा. फ्लॅट पाहून आलेल्या माणसाने ओल, पार्किंग, पाण्याची वेळ यातले काहीच सांगितले नाही, तर आपण विचारतोच ना, की तू नीट पाहिलेस का?

“आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग निवेदक कशाला?”

मोबाइलवर एकट्याने उत्तम काम करणारे तरुण आहेत आणि काहींचे काम वाहिन्यांपेक्षा सरस आहे. तरीही पथकासोबतच्या निवेदकाच्या मागे मजकूर तपासणारे, आवाज सांभाळणारे, परवानगी काढणारे आणि ‘हे वाक्य चुकले’ असे तोंडावर सांगणारे कुणी तरी असते. एकट्याला हे सगळे स्वतःलाच सांगावे लागते, आणि स्वतःची चूक स्वतःला दिसणे फार कठीण असते.

हे आयुष्य कसे असते?

बहुतेक निवेदक नोकरीत नसतात. मानधन भागागणिक किंवा दिवसागणिक ठरते, ते उशिरा मिळते आणि कार्यक्रम बंद झाला की तेही थांबते. म्हणून बरेच जण निवेदनाबरोबर नाटक, जाहिरातींना आवाज देणे, समारंभांचे सूत्रसंचालन अशी कामे करतात. सणवार घराबाहेर जातात, कारण सण हेच त्यांच्या कामाचे दिवस असतात. पोट बिघडले तरी कॅमेऱ्यासमोर खावे लागते. स्त्रियांच्या अडचणींबद्दल तर फार कमी बोलले जाते. गडावर किंवा घाटावर आठ तास काम करायचे आणि जवळ स्वच्छतागृह नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, असे मला एकीहून अधिक निवेदिकांनी सांगितले आहे. रेकीच्या यादीत मी आता प्रकाश आणि परवानगीच्या आधी ही सोय लिहितो.

ज्यांना या कामात यायचे आहे त्यांनी आपल्याच गल्लीतल्या एका जागेबद्दल, मजकूर न वाचता, दीड मिनिट मोबाइलसमोर बोलून पाहावे आणि ती जागा कधीही न पाहिलेल्या माणसाला ते दाखवून त्याला काय कळले ते विचारावे.

दाखवलेल्या जागेचे पुढे काय होते?

त्र्यंबक तालुक्यातला हरिहर गड उभ्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांमुळे पडद्यावर फार देखणा दिसतो. हात रोवायला खोबण्या आहेत, पण चढ छातीशी येतो आणि पायऱ्यांची रुंदी एकावेळी एकानेच जावे अशी. या पायऱ्यांची चित्रे सर्वत्र पसरल्यानंतर सुट्टीच्या दिवशी तिथे रांगा लागू लागल्या आणि खाली येणारे व वर जाणारे मधल्या पायऱ्यांवर समोरासमोर अडकू लागले.

मागच्या खेपेस एका पथकासोबत मी तिथे गेलो, ते मुद्दाम सोमवारी. चित्रीकरण छान झाले. पायथ्याच्या निर्गुडपाड्याला परतल्यावर निवेदकाने गाडीतच माइक लावून मागितला, खिडक्या बंद करून घेतल्या आणि मजकुरात नसलेली तीन वाक्ये ध्वनिमुद्रित केली: पायऱ्यांवर एकावेळी एकच माणूस मावतो, वरून कुणी उतरत असेल तर खाली थांबावे, आणि पावसाळ्यातल्या रविवारी इथे येणे टाळावे. संकलनात वेळ कमी पडला, तेव्हा दिग्दर्शकाने विचारले की ही वाक्ये काढू का. निवेदकाने त्याऐवजी माथ्यावरचे स्वतःचे चाळीस सेकंदांचे बोलणे काढायला सांगितले.